जनीची झिपरी

घरतांच्या घरामागे उत्तरेच्या अंगाला सहा हात रुंद आणि तीस-बत्तीस हात लांब अशी एक पट्टी आहे. रेवदंड्याच्या अलीकडच्या त्या गावात वीतभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, पण या पट्टीवर आजवर कोणी हक्क सांगितला नाही. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला भागोजीची सुपारीची वाडी, डोक्यावर एक म्हातारा रायवळ आंबा आणि त्याला खेटून फणस. ऊन म्हणून त्या मातीला ठाऊक नाही. मिरची लावली तर नुसती उंच वाढायची, फुलायची नाही. तुळस महिन्याभरात मान टाकायची. जनीच्या सासूने कधीच जाहीर करून टाकलं होतं की ती जागा भांड्यांचं पाणी ओतण्यापलीकडे कामाची नाही. म्हणून ती जनीला मिळाली. त्या घरात तिला बरंचसं असंच मिळालं होतं. पापलेटचं शेपूट, फणसातले पिचके गरे आणि ही पट्टी.

जनी मूळची पेणच्या खाडीकडची, मिठागरावरच्या माणसाची पोर. मिठागरात झाड नसतं. झाड राहू द्या, गवताची काडी नसते. वरून ऊन येतं ते येतंच, आणि पांढऱ्या मिठावरून उलटं फिरून पुन्हा तोंडावर येतं. दुपारची भाकर खायला ती आणि तिचा बाप मिठाच्या ढिगाच्या सावलीत बसायचे, आणि ती सावली बारा वाजता सरकत सरकत पायाखाली येऊन संपायची. अशी पोर लग्न होऊन सुपारीच्या वाड्यांच्या गावात आली. नवऱ्याचं तोंड तिने दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. वाडीतली सावली पहिल्याच दिवशी पाहिली होती.

नवऱ्याचं नाव सदा. सदाला वाईट म्हणायची सोय नव्हती, आणि हेच जनीचं दुखणं होतं. तो पीत नसे, हात उगारत नसे, दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवत नसे. दीड एकर भातशेती तो एकट्याच्या जिवावर ओढायचा. फक्त बायकोचं बोलणं त्याच्या कानात शिरत नसे. शिरत नसे म्हणजे तो अडवायचा असं नाही. पंख्याचा आवाज जसा थोड्या वेळाने ऐकू येईनासा होतो, तसं त्याचं झालं होतं. अशा नवऱ्याची तक्रार घेऊन बाई जाणार कुणाकडे? बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांचे प्रताप सांगायच्या तेव्हा जनी गप्प बसायची, आणि तू भाग्याची म्हणून वर त्यांचं ऐकून घ्यायची.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावामागच्या डोंगरात ती लाकडं आणायला जायची. एका ओहोळाच्या काठी दगडांच्या कपारीत वाळक्या, तपकिरी जटा लोंबत असत. चैत्रात तिने त्यातल्या मूठभर ओढून चुलीला जाळणही केलं होतं. आषाढात अळंबी शोधत ती त्याच जागी गेली तर तिथे कमरेएवढं हिरवंगार रान. एकेक पान हातभर लांब, दोन्ही बाजूंनी कातरलेलं, ओहोळाच्या वाऱ्यावर लवलवणारं. जनी तिथे बराच वेळ उभी राहिली. मग विळ्याने मातीसकट एक गड्डा काढला आणि पदरात बांधून आणला. त्या पानांना नाव काय, कुणालाच माहीत नव्हतं. तिनेच ठेवलं झिपरी.

पट्टीत, फणसाच्या बुंध्याशी, झिपरी लागली आणि बहरली. पण दसऱ्याला पिवळी पडली आणि दिवाळीत पार वाळून भुईला टेकली. जनीला वाटलं, आपल्या हाताने मेली. पाणी घालून पाहिलं, राख घालून पाहिली, काही उपयोग झाला नाही. शेवटी तिने नाद सोडला. आणि मग मृग लागून आठ-दहा दिवस झाल्यावर ती भांड्यांचं पाणी ओतायला मागे गेली, तर वाळक्या पानांच्या खालून बोटभर उंचीचे पाच-सहा कोंब वर आलेले, सुकवलेल्या सोड्यांतल्या कोळंबीसारखे वळलेले, अंगावर तांबूस लव. जनी हातातलं घमेलं खाली ठेवून तिथेच उकिडवी बसली. तिचा बाप गेला तो गेला होता. मिठागर बंद पडलं ते पडलं होतं. तिच्या आयुष्यातून गेलेलं काही परत आलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. आनंद झाला, आणि तो सांगायला कुणी नाही म्हणून तेवढंच वाईटही वाटलं.

रात्री जेवताना तिने सदाला सांगितलं. म्हणाली की मेलेली झिपरी उगवली, म्हणजे ती मेलीच नव्हती, हिवाळा-उन्हाळा खाली निजून राहते आणि पावसात उठते. सदाने सगळं ऐकल्यासारखी मान हलवली.

"भात वाढ," तो म्हणाला.

पुढे दरवर्षी हा एवढा संवाद त्या घरात ठरल्यासारखा होत असे. मृगानंतर कोंब आले की जनी सांगायची, आणि सदा भात मागायचा.

झिपरीमागून बाकीची आली. वादळी पावसात फांदीसकट पडलेलं बाशिंग, म्हणजे झाडाच्या अंगावर बाशिंगासारखं पसरणारं एक रोप, तिने आंब्याच्या बेचक्यात सुंभाने बांधलं. दोन वर्षांनी त्याने आपली मुळं अशी रोवली की सुंभ कुजून पडला तरी ते जागचं हललं नाही. विहिरीच्या आतल्या भिंतीवर काळ्या चकचकीत देठांचा हंसराज आपोआप आला होता, त्यातला थोडा तिने जांभ्या दगडांच्या फटीत वाढवला. एक होती पानाखाली पांढरी भुकटी असलेली. हेतल, म्हणजे जनीची मुलगी, लहान असताना ते पान दंडावर दाबून पांढरा ठसा उठवून घ्यायची आणि शाळेत गोंदवलंय म्हणून सांगायची. हळूहळू बत्तीस हातांची पट्टी भरली. पावसाळ्यात मागचं दार उघडलं की हिरवा गारवा थेट चुलीपर्यंत यायचा.

यांचं सगळं तंत्र उलटं होतं, आणि ते जनीने चुकत चुकत शिकून घेतलं. पावसात यांना काही करावं लागत नाही. खरी राखण दिवाळीनंतर, जेव्हा राखण्यासारखं काही दिसतच नाही. वाळलेली पानं कापायची नाहीत, तीच खालच्या गड्ड्याचं पांघरूण. त्यावर फणसाचा आणि आंब्याचा पाला हातभर उंच अंथरायचा. पाणी आठवड्यातून एकदा, तेही शिंपडल्यासारखं, कारण जास्त झालं की गड्डा कुजतो. कोंबड्या उकरतात म्हणून भोवती करवंदीच्या काट्याचं कुंपण. फावडं, कुदळ अजिबात नाही, गड्डे अगदी वरवर असतात. रोहिणी नक्षत्रात वरचा पाला हाताने थोडा विरळ करायचा आणि गप्प बसायचं. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने जनी एका वाळक्या पाचोळ्याच्या ढिगाची चाकरी करायची. येणारी-जाणारी बाई म्हणायची, अगं झाडून तरी घे. जनी हसायची.

आणि तो पाचोळाच सदाच्या डोळ्यांत भरायचा. भाताची रोपं करायच्या आधी जमिनीच्या तुकड्यावर राब भाजावा लागतो. शेण, त्यावर पाला-पाचोळा, त्यावर गवत, सगळ्यावर बारीक मातीचा थर, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने आग. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. पूर्वी राबाला डोंगरातून हवा तेवढा पाला मिळायचा. मग डोंगराचे प्लॉट पडले, तारेचं कुंपण आलं, झिपरीच्या ओहोळावर तर कुणा मुंबईकराच्या बंगल्याचा रस्ता गेला आणि ती कपार खडीखाली गाडली गेली. पाला दुर्मीळ झाला. दरवर्षी फाल्गुनात सदा मागच्या दारात उभा राहून म्हणायचा, "यो वालला पाला राबाला दे."

"त्यो वालला न्हाय, निजलाय," जनी म्हणायची. "त्याला हात लावाचा नाय."

सबंध संसारात तिने नवऱ्याला दिलेला हा एकच नकार. सदा ओठ पुढे काढून निघून जायचा आणि दुसरीकडून दोन भारे उसने आणायचा. मग पुढच्या फाल्गुनात पुन्हा विचारायचा, जणू पहिल्यांदाच विचारतोय.

मध्ये ते मोठं चक्रीवादळ आलं आणि भागोजीच्या वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, आंब्या-फणसाच्या फांद्या मोडून पडल्या. गाव पत्रे, कौलं, खांब शोधत फिरत होता, आणि जनीच्या पट्टीवर पन्नास वर्षांत पहिल्यांदा टळटळीत ऊन पडलं होतं. झिपरीचे नवे कोंब वर आले ते दोन दिवसांत करपले. जनीने पडलेल्या माडांच्या झावळ्या ओढून आणल्या, एकटीने वासे रोवले आणि बत्तीस हातांवर मांडव घातला. घरावर कौलं नव्हती आणि परसात मांडव होता. गावाने नावं ठेवली. अडीच वर्षं, आंबा-फणस पुन्हा भरून भागोजीची नवी झाडं हाताला येईपर्यंत, तिने तो मांडव दर सहा महिन्यांनी नव्याने शाकारला. एकदा वाशावरून पडून मनगट मोडून घेतलं. सदाने तिला अलिबागला नेऊन प्लास्टर घालून आणलं, रस्त्यात उसाचा रस पाजला. कशाला चढली होतीस, हे मात्र विचारलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणात प्रणाली आली. तालुक्याच्या कॉलेजात ती वनस्पतीशास्त्र शिकवते. गावातल्या जुन्या विहिरींवर काय काय उगवतं ते टिपत फिरत होती. घरतांच्या विहिरीतला हंसराज पाहता पाहता तिची नजर पट्टीकडे गेली आणि तिचं टिपण राहिलं बाजूला. ती झिपरीपाशी चिखलात गुडघे टेकून बसली. पानं उलटून पाहिली, भिंगाने पाहिली, फोन काढून कुणाला तरी फोटो पाठवले. मग वर बघून तिने विचारलं की हे कुठून आणलंत. जनीने ओहोळाचं सांगितलं, आणि ओहोळावर आता रस्ता आहे हेही सांगितलं.

प्रणालीने तिला समजावलं की या जातीला नेचे म्हणतात, यांना फूल नाही, बी नाही. झिपरीचं एक लांबलचक नाव होतं, ते जनीच्या जिभेवर टिकलं नाही. पण पुढचं वाक्य तिने जन्मभरासाठी जपून ठेवलं.

"मावशी, मी बारा वर्षं हा किनारा फिरतेय," प्रणाली म्हणाली. "ही मला कुठेच दिसली नाही. तुमच्याकडे आहे, बस."

मग जनी जे बोलत सुटली ते अडीच तास. कधी पिवळी पडते, किती पाला, किती पाणी, कोंबड्या, मांडव. प्रणाली वहीत लिहून घेत होती. आपलं बोलणं कुणी लिहून घ्यावं असं असतं, हे जनीला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. जाताना प्रणालीने एक पान वर्तमानपत्रात दाबून घेतलं आणि गड्ड्याचा एक तुकडा मागितला. कॉलेजच्या बागेत लावीन म्हणाली, एकाच ठिकाणी असलेली गोष्ट धोक्याची.

आणि इथे जनी अडली. ऐन भरात असलेल्या झिपरीला चाकू लावायचा? आणि कॉलेजातला कुठलातरी माळी तिला भसाभसा पाणी घालून कुजवणार. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याजवळ असं काही निघालं होतं जे दुसऱ्या कुणाजवळ नव्हतं. ते पहिल्याच दिवशी वाटून टाकायला तिचा जीव होईना. फुढल्या पावसाला देईन, ती म्हणाली. कोंब वर आले की तेव्हाच गड्डा फोडायचा असतो. प्रणालीने आग्रह केला नाही. पुढच्या श्रावणात ती दोन मोठ्या जाणकारांना घेऊन येणार होती, झिपरीची रीतसर नोंद होणार होती, आणि त्या नोंदीत सांभाळणारी म्हणून जनी सदा घरत हे नाव पडणार होतं. जनीने रात्री हे सदाला सांगितलं. सदाने भात मागितला.

ते वर्ष जनीने कसं काढलं म्हणून सांगू. पाला नेहमीपेक्षा वीतभर जास्त अंथरला. काटा दुहेरी लावला. माघात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, त्या तिने अंगावर काढल्या. होळीच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर वाकडी होऊन पडली तेव्हा हेतल पनवेलहून गाडी घेऊन आली. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन, आणि नंतर महिनाभर वजन उचलायचं नाही म्हणून मुक्काम मुलीकडेच.

गाडीत बसताना जनीने सदाला सांगितलं होतं की आठ दिवसांतून एकदा शिंपड, कोंबड्यांवर नजर ठेव, बाकी काही करू नको. सदा हूं म्हणाला होता.

पनवेलला हेतलच्या चौथ्या मजल्यावर तिला करमत नव्हतं. सदा दर चार दिवसांनी फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, ठेवायचा. एका संध्याकाळी मात्र तो रेंगाळला. मग म्हणाला की मागच्या परसाची फिकीर करू नको, तिथे मी स्वतः हात घातलाय, आलीस की बघशील. जनीचा आधी विश्वासच बसेना. तिने हेतलला दोनदा सांगितलं की बाबा आपणहून परसाचं बोलले. माणूस म्हातारपणी बदलतो असं ऐकलं होतं, ती म्हणाली, आणि लाजली. त्या रात्री तिला टाक्यांचं दुखणं जाणवलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण एवढा निखळ आनंद त्या बाईला नवऱ्याकडून याआधी मिळालेला नव्हता.

चैत्राच्या शेवटी ती परतली. सदाने तिला ओटीवर टेकूसुद्धा दिलं नाही, हाताला धरून थेट मागच्या दारी नेलं.

पट्टी साफ होती. काटा नाही, पाला नाही, माती खरवडून एकसारखी केलेली आणि शेणाने सारवलेली. आंब्याच्या बेचक्यातली बाशिंगं खरडून खोड चकचकीत केलेलं. जांभ्याच्या फटीसुद्धा सिमेंटने लिंपलेल्या. आणि फणसाच्या बुंध्याशी, जिथे झिपरी होती नेमकं तिथे, चिरे रचून पाठ टेकायला जागा केलेली एक बैठक. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने पाच दिवस एकट्याने राबून केलेलं काम होतं ते. त्याच्या तळहाताला फोड आले होते, ते त्याने पुढे करून दाखवले.

"बस आता हितं," सदा म्हणाला. "जलमभर त्या कचऱ्यात वाकलीस. आता पाय पसरून बसाचा."

जनीने विचारलं की पाला कुठे आहे.

"राबाला घातला. खालची माती पन काली झ्याक व्हती, तीपन वरती पसरली. असा राब गावात कोनाचा न्हाय."

जनी खळ्यातून खाली शेतात उतरली. मागून सदा ओरडत होता की टाके ओले आहेत. राबाचा तुकडा काळाभोर, भाजून थंड झालेला. तिने दोन्ही हातांनी उकरलं. कोळसा, राख, भाजलेली ढेकळं. एका ठिकाणी बोटभर लांबीचा गड्डा मिळाला, लव जळून गेलेली. दाबला तर त्याची भुकटी झाली.

तिला ओरडायचं होतं. जन्मात एकदा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. पण ओरडून म्हणायचं काय? नवऱ्याने माझ्यासाठी बसायला जागा केली? हाताला फोड येईपर्यंत राबला? गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. त्याने दावा साधला असता तर ती भांडली असती, महिनाभर अबोला धरला असता, मुलीकडे निघून गेली असती. त्याने माया केली होती. अख्ख्या संसारात पहिल्यांदा त्याला बायकोसाठी काही करावंसं वाटलं आणि त्याने हे केलं. आणि करताना ती वीस वर्षं काय सांगत होती याचा एक शब्दही त्याला आठवला नाही, कारण तो शब्द आत गेलेलाच नव्हता. जनीला त्या दिवशी कळलं की आपण इतकी वर्षं भिंतीशी बोलत होतो. ती हात झटकून घरी आली आणि पाणी प्यायली.

मृग लागला. रोज सकाळी ती बैठकीच्या चिऱ्यांभोवती, सारवणाच्या भेगांतून बोट फिरवून पाहायची. आर्द्रा गेल्या, पुनर्वसू गेला. दुर्वा आल्या, टाकळा आला. विहिरीच्या आतल्या भिंतीवरचा हंसराज तेवढा उगवला, कारण तिथे सदाचा हात पोचत नव्हता. झिपरी आली नाही. सदाच्या भाताची रोपं मात्र अशी तरारली की लावणीच्या वेळी लोक बांधावर थांबून बघायचे. चार घरांना तर त्याने उरलेली रोपं वाटली, आणि दरवेळी मोठ्या मनाने म्हणायचा, आमच्या जनीच्या परसाची पुण्याई.

प्रणालीला कळवायचं धाडस जनीला झालं नाही. श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी ती ठरल्याप्रमाणे आली. सोबत पुण्याहून आलेले दोन पिकल्या केसांचे जाणकार आणि हातात एक नवी कुंडी, माती भरून आणलेली, गड्ड्याच्या तुकड्यासाठी. मागच्या दारात ती थांबली. तिची कुंडी हातातच राहिली.

सदा पुढे झाला. पाहुण्यांना बैठकीवर बसवलं, किती घाण होती आणि ती कशी काढली ते रंगवून सांगितलं. प्रणालीने जनीकडे पाहिलं.

"एकपण तुकडा न्हाय?"

ती जनीच्याच बोलीत विचारती झाली होती, तिला ते कळलंही नाही. जनीने मान हलवली. प्रणाली म्हणाली की गेल्या वर्षी नेलेल्या पानामागची भुकटी, जी नेच्यांना बियांच्या जागी असते, ती तिने तीनदा कुंडीत पेरून पाहिली, शेवाळापलीकडे काही आलं नाही. गेल्या श्रावणात तुकडा दिला असता तर, हे ती बोलली नाही. न बोलता ते त्या परसात सगळ्यांत मोठ्याने ऐकू आलं, निदान जनीला. आपणही मूठ झाकूनच बसलो होतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग प्रणाली सदाशेजारी बसली आणि शांतपणे त्याला सांगू लागली. रागावली नाही. म्हणाली, काका, हे नेचे दिवाळीत वाळतात, पण मरत नाहीत. वरचं पान जातं, गड्डा खाली जिवंत असतो. तो पाला त्याचं पांघरूण असतो. पावसात तो पुन्हा फुटतो. सदा गुडघ्यावर हात ठेवून, पुढे वाकून, एकेक शब्द ऐकत होता. मध्येच त्याने दोन प्रश्नही विचारले, चांगले नेमके प्रश्न. जनी दाराला टेकून उभी राहून नवऱ्याचं ते ऐकणारं तोंड बघत होती. हे तोंड त्याला होतं तर.

पाहुणे चहा घेऊन गेले. जाणकारांपैकी एकानेही वही उघडलीच नव्हती. प्रणाली ती मातीची कुंडी ओटीवर विसरून गेली, की ठेवून गेली, कोण जाणे.

दुपारी सदा जेवायला बसला. आज तो कधी नव्हे इतका बोलत होता. बाई हुशार आहे, म्हणत होता. किती सोपं करून सांगितलं, एकदम डोक्यात शिरलं. मग त्याचा घास हातातच राहिला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं, डोळे भरल्यासारखे दिसत होते.

"जने, तुला यो सगला ठावं व्हता?" त्याने विचारलं.

जनी परातीपाशी बसली होती. तिने मान डोलावली.

"मंग मना सांगाचा व्हता ना," सदा म्हणाला. "तू कदी सांगलाच न्हाय."

जनीने त्याच्याकडे पाहिलं. पावसाची सर येऊन गेली होती, मागचं दार उघडं होतं आणि त्यातून उघड्या जमिनीचा रिकामा उजेड चुलीपर्यंत येत होता. तिने टोप जवळ ओढला.

"भात वाढू?" ती म्हणाली.

सदाने ताटाकडे पाहिलं.

"वाढ," तो म्हणाला, आणि ताट पुढे केलं.